जळालेला अलार्म फेकू नका

आगीत भाजलेल्या, धुरानं फुप्फुसं निकामी झालेल्या माणसांचे नुकसानभरपाईचे दावे तयार करणं हे माझं रोजचं काम. "अलार्म वाजलाच नाही हो," असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तो धुराचा अलार्म आहे कुठे? बहुतेक वेळा तो राडारोड्याबरोबर गेलेला असतो. घरातलं माणूस दवाखान्यात असताना त्या वितळलेल्या डबीकडे कोण बघणार! पण ती गेली की दावा लंगडा पडतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

डबीच्या मागे मॉडेल आणि बनवल्याची तारीख असते. अलार्म साधारण १० वर्षांनी बदलायचा असतो, त्यामुळे ही तारीख दोन्ही बाजूंचे वकील आधी बघतात. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आतल्या भोंग्याची चकती. धुरात भोंगा वाजत असला, तर त्याच्या कंपनांनी काजळीचे कण एकत्र येऊन चकतीवर वेगळेच ठसे उमटतात. तपासनीस ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ठसे दिसले तर अलार्म वाजला होता याचा तो चांगला पुरावा. नाही दिसले तरी तेवढ्यावर निकाल लागत नाही. म्हणून काजळी पुसू नका, झाकण उघडू नका, बटण दाबून बघू नका. आधी जागेवरच फोटो काढा. अलार्म काढावाच लागला तर बॅटरीसकट, आहे तसा खोक्यात ठेवा. विमा कंपनीलाही लेखी कळवा की आमची तपासणी होईपर्यंत काही हलवू नका.

दावा अलार्म बनवणाऱ्या कंपनीवर असेल, तर अलार्ममधला दोष तीन प्रकारचा असू शकतो: तयार करताना राहिलेला, मुळात रचनेतलाच, किंवा धोक्याची सूचनाच नीट न दिलेली. रचनेचा वाद बऱ्याचदा आयनीकरण प्रकारच्या, म्हणजे विद्युतभारित हवेतला बदल टिपून धूर ओळखणाऱ्या अलार्मवरून होतो. भडकलेल्या ज्वाळा तो लवकर ओळखतो, पण गादी-सोफा धुमसत असेल तर प्रकाशाच्या किरणानं धूर टिपणारा अलार्म सहसा आधी जागा होतो.

अलार्म बनवणारी कंपनी म्हणणार, बॅटरी काढलेली होती. त्यावर उत्तर म्हणून खरेदीची पावती आणि आगीआधीचे घरातले फोटो कामी येतात. भाड्याचं घर असेल आणि अलार्म बंद असल्याचं घरमालकाला आधी कळवलं असेल, तर ते मेसेज जपा. जबाबदारी त्याच्यावरही येऊ शकते.

सगळ्यात कठीण मुद्दा वेगळाच. आग अलार्मनं लावलेली नसते. तो वेळेवर वाजला असता तर हा माणूस बाहेर पडला असता, हे दाखवावं लागतं. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संशोधन संस्थेच्या चाचण्यांत १९७५ साली सुटकेला सुमारे १७ मिनिटं मिळत होती; २००४ च्या अहवालात काही आगींत जेमतेम ३ उरली होती. त्यामुळे कोण कुठल्या खोलीत झोपलं होतं, दार उघडं होतं का, जाग कशानं आली, हे आठवतंय तोवर लिहून काढा. दाव्याची मुदत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि माणूस दवाखान्यात आहे म्हणून ती सहसा थांबत नाही. वकिलाला फोन घरच्या दुसऱ्या कुणीतरी करावा, त्याच आठवड्यात.