बोधिधर्म-तक्ता : ली जिंगची प्रस्तावना अखेर ६२८ मधून हलली

बोधिधर्म या भिक्षूच्या नावावर खपवलेला चिनी व्यायामग्रंथ ‘यीजिनजिंग’; त्याच्या पहिल्या प्रस्तावनेचं कालक्रमाच्या तक्त्यात घोडं अडलं होतं, ते सुटलं. ६२८ च्या ओळीतून ती उचलून १६२४ च्या शेजारी ठेवली आहे. परिणाम मोठा आहे : बोधिधर्मापासून शाओलिनच्या मुष्टियुद्धापर्यंत जाणारी रेघ मधोमध तुटली.

आधी सनांचं बघू. चिनी सम्राटांच्या राजवर्षावरून (झेनग्वान, तिआनची ही अशा कालखंडांची नावं) इसवी सन काढताना पहिल्या वर्षाचा सन अधिक क्रमांक, उणे एक. झेनग्वान १ म्हणजे ६२७, म्हणून झेनग्वान २ हे ६२८. तिआनची ४ म्हणजे १६२४. गडबड होते ती वर्षाच्या टोकाला. सेनापती युए फेईचा मृत्यू शाओशिंग ११ च्या बाराव्या महिन्यातला. सूत्राने ११४१ येतं, प्रत्यक्षात ती तारीख २७ जानेवारी ११४२. त्यामुळे अकराव्या-बाराव्या महिन्याच्या नोंदी हाताने तपासायच्या.

पडताळणी चिनी पंचांगातल्या साठ वर्षांच्या चक्राने. सनातून ४ वजा करा, ६० ने भागा, बाकीत १ मिळवा. १६२४ ला बाकी शून्य, म्हणजे चक्राचं पहिलं वर्ष, जियाझ. आपल्या पंचांगातला ‘प्रभव’ इथे जुळवू नका. तो तीन वर्षांनी मागून येतो : त्यांचं चक्र १९८४ ला सुरू झालं, आपलं १९८७ ला. स्कॅनवरून उतरवलेल्या मजकुरात ‘जी’ आणि ‘स्स’ या अक्षरांची हमखास अदलाबदल झालेली असते. चक्रातल्या वर्षाचं नाव दोन अक्षरांच्या जोडीचं असतं; जोडीत पहिलं अक्षर दहांच्या गटातलं आणि दुसरं बारांच्या, एवढं पाहिलं की चूक सापडते. फुकट मिळणाऱ्या उताऱ्यांवर विसंबू नका. पानाचं छायाचित्र समोर हवंच.

आता मूळ दुखणं. ही प्रस्तावना तांग राजवटीतला सेनापती ली जिंगच्या नावावर आहे, तारीख ६२८. गणिताने तारीख चोख बसते, म्हणून इतके दिवस ती हलेना. खोट आतल्या मजकुरात आहे. पहिल्याच वाक्यात बोधिधर्म दक्षिणेच्या लिआंग राज्यातून उत्तरेच्या वेईत आला तो ‘श्याओमिंग सम्राटाच्या ताइहे काळात’ असं लिहिलंय. ताइहे (४७७–४९९) हा वेईच्याच श्याओवेन सम्राटाचा काळ. श्याओमिंग गादीवर आला ५१५ मध्ये. आणि लिआंग राजवटच ५०२ ची! म्हणजे ताइहे काळात लिआंगमधून येणं कोणालाच शक्य नव्हतं.

पुढे लोखंडी पेटीत सापडलेला ग्रंथ भाषांतरासाठी पारमिती नावाच्या भारतीय भिक्षूकडे जातो. याच नावाच्या भिक्षूकडे ७०५ मधल्या शूरंगम सूत्र या बौद्ध ग्रंथाच्या भाषांतराचं श्रेय दिलं जातं. शेवटी ग्रंथ ली जिंगच्या हाती देतो तो ‘दाढीवाला वीर’, तांगकाळाच्या अखेरीच्या एका कथेतलं पात्र. सातव्या शतकातल्या माणसाला हे ठाऊक असणं अशक्य. चिनी युद्धकलांचा इतिहासकार तांग हाओने १९३० च्या सुमारास या दंतकथेची जी चिरफाड केली, ती आजही या विषयातलं सर्वांत भक्कम काम आहे. १६२४ ची पुष्पिका (ग्रंथाच्या शेवटची नोंद) झनिंग दाओरेनची. आज अभ्यासक त्यालाच ग्रंथकर्ता धरतात, म्हणून प्रस्तावना त्याच्या शेजारी.

यातून तक्त्याचा नियम बदलला. प्रत्येक नोंदीला दोन सन : घटनेचा आणि लिखाणाचा. क्रम लावायचा लिखाणाच्या सनाने. हे केल्यावर चित्र कसं लख्ख दिसतं बघा : ५४७ च्या लुओयांग शहराच्या वर्णनात बोधिधर्म पश्चिमेकडचा इराणी भिक्षू आहे, मुष्टियुद्धाचा मागमूस नाही. ७२८ च्या शाओलिन शिलालेखात ६२१ च्या लढाईतल्या तेरा भिक्षूंची नावं आहेत, पण त्यांचं युद्धकौशल्य बोधिधर्माकडून आल्याचा शब्द नाही.

पुढचा बेत बोधिधर्माच्या दक्षिण भारताकडच्या नोंदींची बाजू भरण्याचा होता. तो मागे ठेवू या, कारण शाओलिनचा १५१७ चा शिलालेख जास्त खुणावतोय. त्यात लाल फेटेवाल्या बंडखोरांना पिटाळणारा दंडधारी आहे जिन्नालुओ, म्हणजे आपल्या पुराणांतला किन्नर! चेंग झोंगयोउच्या सतराव्या शतकातल्या दंडविद्येच्या पुस्तकातही मूळ पुरुष तोच. म्हणजे मठाच्या स्वतःच्या परंपरेत काठी किन्नराची होती आणि बोधिधर्म मागाहून आला. किन्नरासाठी तक्त्यात वेगळी पट्टी आखायला घ्या. रंग हिरवा ठेवा, लाल आधीच वेई राजवटीला दिलाय.