नंबर निवृत्त करण्यातली वजाबाकी

दिवसभर डोक्यात जर्सीचे नंबर घोळताहेत, तेवढं लिहून काढतो.

नंबर निवृत्त करणं, म्हणजे मोठ्या खेळाडूच्या सन्मानासाठी त्याचा नंबर संघात पुन्हा कोणालाच न देणं, म्हटलं की समारंभ आठवतो. छताला टांगलेला बॅनर, टाळ्या, भाषणं. पण खरा परिणाम होतो साहित्य सांभाळणाऱ्याच्या यादीवर. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, नंबर 0 ते 99 एवढेच आणि सराव शिबिरात एका संघाचे 90 खेळाडू. त्यातल्या शिकागो बेअर्स संघाने 14 नंबर बंद केलेत, म्हणजे उरले 86. शिबिरात मग दोघांना एकच नंबर घालून पळवावं लागतं. त्यात कुठल्या जागेवर खेळणाऱ्याने कुठला नंबर घ्यायचा याचेही नियम. 2021 मध्ये ते बरेच सैल केले, तरी चणचण आहेच. माइक डिटकांचा 89 बंद केल्यावर यापुढे नंबर निवृत्त करायचा विचार नाही, असं बेअर्सनी सांगून टाकलं. शहाणपणाचं केलं, जरा उशिरा.

न्यूयॉर्कच्या यांकीज या बेसबॉल संघाची तऱ्हा वेगळी. 2017 मध्ये डेरेक जीटरचा 2 गेला आणि 1 ते 10 सगळे संपले. एकेरी आकडा हवा असेल तर शून्य घ्या! त्यांचा 8 तर बिल डिकी आणि योगी बेरा या दोघांच्या नावे आहे; मला हे जास्त पटतं. एका नंबरवर दोन नावं बसली की एक नंबर वाचतो.

पूर्ण लीगमध्ये नंबर बंद करायचा तर पहिला प्रश्न, आज तो कोणाच्या अंगावर आहे? 1997 मध्ये बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचा 42 अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगच्या सगळ्या संघांत बंद झाला, पण तेव्हा वापरणाऱ्यांना सूट मिळाली. त्यातला शेवटचा मारियानो रिव्हेरा 2013 पर्यंत 42 घालूनच खेळला. 2022 मध्ये एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने, बिल रसेलचा 6 बंद केला तेव्हा तो लेब्रॉन जेम्सकडे होता. तिथेही हाच मार्ग. अशी सूट नसेल तर एकाचा सन्मान म्हणजे दुसऱ्याला शिक्षा.

वरच्या संस्थेचा नियम आडवा आला की मात्र काही चालत नाही. मॅराडोनाचा 10 अर्जेंटिनाला 2002 च्या विश्वचषकात रिकामा ठेवायचा होता. फिफाला 1 ते 23 सलग हवे होते, त्यामुळे 10 गेला ओर्तेगाकडे. मॅराडोनाचा जुना इटालियन क्लब नापोलीने हाच नंबर 2000 मध्ये बंद केला. पुढे संघ सेरी सी या तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये घसरला, तिथे सुरुवातीच्या अकरा जणांना 1 ते 11 च घालावे लागत, आणि 10 पुन्हा मैदानात उतरला.

क्रिकेटमध्ये बहुतेक कारभार न बोलता चालतो. 2017 मध्ये शार्दूल ठाकूरने श्रीलंकेत सचिनचा 10 घातला, चाहते खवळले, आणि नंतर तो कोणाला दिला गेला नाही. घोषणा नाही, बॅनर नाही. एनएफएलमधला पिट्सबर्ग स्टीलर्स संघही बऱ्याच मोठ्या खेळाडूंचे नंबर असेच बाजूला ठेवतो. अडचण आली तर निर्णय फिरवताना कोणाची समजूत काढावी लागत नाही, हा यातला मोठा फायदा.

बंदच करायचा असेल तर अपवाद आधीच ठरवावा. इटलीच्या मिलान फुटबॉल क्लबने आपल्या मालदिनीचा 3 बंद केला, पण त्याच्या मुलांपैकी कोणी पहिल्या संघात आला तर तो त्याला मिळेल अशी सोय ठेवली. एनएफएलच्या डेन्व्हर संघात 18 हा जुना खेळाडू फ्रँक ट्रिपुकाच्या नावे बंद होता. 2012 मध्ये पेटन मॅनिंग संघात आला तेव्हा त्याने तो नंबर घालायला ट्रिपुकाने स्वतःच होकार दिला आणि प्रश्न सुटला. पण ज्याचा नंबर तो हयात नसेल तर होकार कोणाकडे मागायचा, हे ठरावातच लिहिलेलं असायला हवं.