तुम्ही विचारलंत म्हणून : भोसे गावचा वड पडलाच ना?

"एवढा रस्ता वळवलात, शेवटी वड पडलाच ना? मग आमच्या प्लॉटिंगमधलं झाड आणि तो जुना कोरीव दगड ठेवून काय मिळणार?" मिरज-सांगलीकडे लेआउट पाडणारे हे विचारतात, प्लॉट घेणारेही विचारतात.

हो, पडला. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा, यल्लम्माच्या देवळाजवळचा, ४०० वर्षांचा म्हणतात तो. २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो जाणार होता, लोक उभे राहिले, आखणी बदलली. जून २०२२ मध्ये कोसळला. ती बातमी अजून गळ्याखाली उतरत नाही. रस्ता वळला म्हणजे झाड वाचलं, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. चूक होती ती. खोड वाचणं वेगळं, झाड वाचणं वेगळं. वड म्हातारा होता, मान्य. पण तेवढं म्हणून विषय मिटवायची माझी तयारी नाही, कारण जवान झाडंही आपण अशीच घालवतो.

झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा आणि १२ ने गुणा. व्यास १ मीटर असेल तर चहूबाजूंनी १२ मीटर जमिनीला हात लावायचा नाही. प्रत्यक्षात काय होतं? बुंध्याला पार बांधतात, आत दोन फूट मुरूम भरतात, एका अंगानं ड्रेनेजची चर काढतात, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक. मुरमाखाली मुळांना हवा मिळत नाही, चरीत आधाराची मुळं तुटतात. गाड्यांना आड येतात म्हणून पारंब्या छाटतात. खरं तर त्या पारंब्याच जमिनीत उतरून पुढे झाडाचा टेकू होणार असतात. पहिल्या वर्षी काहीच दिसत नाही. मग शेंडे वाळतात आणि सगळे म्हणतात, कीड लागली.

आता दगड. तो वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. त्याचा बराच भाग पुरलेला असतो, म्हणून जेसीबीनं ओढला की जमिनीलगत मोडतो. चौकटींमधल्या पट्टीवर क्वचित अक्षरं असतात, ती ऑइलपेंटखाली बुजतात. "देवळात नेऊन ठेवला तर काय बिघडलं?" मीही एके काळी हेच म्हणायचो. पण त्याचं तोंड कुठे होतं, शेजारी सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईचा स्मृतिदगड, होती का, हे मूळ जागाच सांगते. भरावात जाण्यापेक्षा देऊळ बरं, हे आजही म्हणेन; मात्र हलवण्याआधी मोजपट्टी ठेवून चारी बाजूंचे फोटो, दिशा, गट नंबर आणि जीपीएस एवढं तरी टिपून ठेवा.

असे दगड रातोरात नाहीसे होतात ते भीतीनं. सरकार जमीन अडकवेल असं वाटतं. १०० मीटरची बांधकामबंदी केंद्रानं संरक्षित केलेल्या स्मारकांभोवती असते. शेतातल्या असंरक्षित वीरगळाला ती लागत नाही. खोदताना नाणी किंवा दागिने निघाले तर मात्र १८७८ च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

मोठ्या लेआउटमध्ये, म्हणजे ४००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त, १० टक्के खुली जागा सोडावीच लागते. बहुतेकदा त्यात विकला न जाणारा वाकडा तुकडा ढकलतात. तीच जागा वड, वीरगळ, धनगरांच्या बिरोबाचे दगड यांच्याभोवती आखा, तीही नकाशा मंजुरीला जाण्याआधी. एकदा प्लॉटचे नंबर पडले, विसार घेतले, की कुणी ऐकत नाही.

जत-आटपाडीकडच्या माळाला 'पडीक' म्हणतात, त्याचा मला राग येतो. कुसळी, पवन्या ही गवतं, तरवडाची झुडपं, हिवराची झाडं. उघड्यावर अंडी घालणारी टिटवी. मेंढरांच्या ठरलेल्या वाटा. ते पडीक कसं? निदान रस्ते पाडताना वरची अर्धा फूट माती भरावात घालू नका. बाजूला बुटका ढीग करा, काम झालं की खुल्या जागेत पुन्हा पसरा. गवताचं बी त्यातच असतं. तिथे लॉन आणि गुलमोहर नको.

एवढं करूनही तुमचं झाड पडणार नाही, अशी हमी मी देत नाही. पण नकाशात ते आगपेटीच्या काडीच्या गुलाएवढं हिरवं वर्तुळ असतं. ते खोडापासून चहूबाजूंनी १२ मीटरचं काढून आणा, मग बोलू.