कंबरेच्या मालिशचे सहा आठवडे

उसण वेगळी आणि माझं दुखणं वेगळं. उसण वाकताना अचानक भरते आणि बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते. पायाळू माणसाचा पाय लावला की ती गेलीच, असं वाटतं ते त्यामुळेच. माझं दुखणं मात्र चार महिने मुरलेलं होतं. खुर्चीतून उठताना कंबर धरायची, उजव्या खुब्याच्या वर बोटाला गाठ लागायची आणि संध्याकाळी पाठ फळीसारखी व्हायची. अशा जुन्या दुखण्यावर मालिश कितपत चालते हे बघायला मी आठवड्यातून एकदा, अशी सहा वेळा घेतली.

तेलाच्या आधी डॉक्टर. त्यांनी विचारलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत: लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय का, मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटतो का, पायातली ताकद कमी झालीय का, ताप आहे का, कारण नसताना वजन घटलंय का, पूर्वी कॅन्सर झाला होता का, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं का. यातलं एकही 'हो' असेल तर मालिश नाही, आधी तपासणी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि हाडं ठिसूळ झालेल्यांनी विचारल्याशिवाय पाठीवर जोर घेऊ नये. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर तिला हातही लावू नये, आत रक्ताची गुठळी असू शकते. माझी सगळी उत्तरं 'नाही' आली, म्हणून एक्स-रेसुद्धा काढला नाही.

पालथं झोपताना पोटाखाली पातळ उशी आणि घोट्यांखाली गुंडाळलेला टॉवेल लागतो. उशी नसेल तर कंबरेचा बाक वाढतो आणि वरून दाब पडला की सांधे चिमटल्यासारखे दुखतात. पालथं झोपवत नसेल तर कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊनही काम होतं. तीळतेलाची बाटली गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करायचं आणि आधी मनगटावर थेंब टाकून बघायचं. पाठीला तीन-चार चमचे पुरतात. जास्त ओतलं तर हात नुसता घसरतो, स्नायू पकडीत येत नाही. मोहरीचं तेल काहींना झोंबतं, मला झोंबलं.

सुरुवातीला पाच-सात मिनिटं फक्त तळहाताने खालून वर लांब, हलके हात. मग मणक्यापासून दोन बोटं सोडून दोन्ही बाजूंच्या उभ्या स्नायूंवर अंगठ्याने सावकाश दाब. मणक्याच्या टोकांवर थेट जोर द्यायचा नाही आणि शेवटच्या बरगड्यांखाली कोपर लावायचं नाही. खरा वेळ मात्र खुब्याच्या मागच्या स्नायूंना द्यावा लागतो. कंबर दुखते म्हणून आपण कंबरच दाखवतो, पण माझी निम्मी ओढ कुल्ल्याच्या वरच्या कडेला होती. तिथे गाठीवर तीस ते साठ सेकंद एकसारखा दाब धरला की दुखणं हळूहळू विरतं. विरलं नाही, तर दाब जास्त आहे.

दाब मोजायची सोपी खूण म्हणजे श्वास. दहापैकी पाच-सहा इतकं 'गोड दुखणं' चालतं. श्वास रोखला गेला किंवा मूठ वळली की स्नायू उलट आवळतो. तिसऱ्या वेळी मीच ''अजून जोरात'' म्हणत राहिले. मालिश करणाऱ्या बाई म्हणाल्या, ''ताई, मी दाबेन, पण उद्या मला बोल लावू नका.'' दोन दिवस पाठ ठणकत होती आणि एक निळा डाग पडला. दिवस-दोन दिवस अंग जड वाटणं नेहमीचं आहे. पायात मुंग्या किंवा वीज गेल्यासारखी कळ येणं नेहमीचं नाही, तिथे थांबायचं. कुणी 'मणका सरकलाय, बसवतो' म्हणत पाठीवर उभं राहू लागलं, तर सरळ उठून घरी यावं. तो 'कट्' आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा असतो.

फायदा? सुटल्याची भावना पहिल्याच दिवशी आली आणि जेमतेम दीड दिवस टिकली. चौथ्या वेळेनंतर ती तीन-चार दिवसांवर गेली. अभ्यासांचं चित्रही साधारण असंच आहे. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल भागात ४०१ जणांवर झालेल्या, २०११ साली छापलेल्या चाचणीत आठवड्याला एक याप्रमाणे दहा वेळा मालिश घेतलेल्यांना नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा आराम पडला. खोल, नेमकी मालिश आणि साधी सैलावणारी मालिश यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. वर्षभरानंतर मात्र फायदा फारसा उरला नव्हता. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणारी संस्था, तिच्या २०१५च्या आढाव्यात २५ चाचण्या एकत्र पाहिल्या. थोड्या काळापुरता आराम दिसला, पण पुराव्याचा दर्जा कच्चा ठरला.

'विषारी द्रव्यं बाहेर पडतात' ही समजूत सोडून द्यावी. मालिशनंतर दोन लिटर पाणी पिण्याचंही काही कारण नाही, तहान असेल तेवढं प्यावं. स्पर्शाने आणि संथ दाबाने मज्जासंस्था दुखण्याचा आवाज कमी करते, स्नायू सैल सोडते. हा सैल वेळ फुकट घालवला की दुखणं परत जागेवर येतं. मी पहिले तीन आठवडे मालिशनंतर सरळ झोपायचे. चौथ्यापासून झोपण्याआधी दहा मिनिटं चालणं आणि मार्जारासन दहा वेळा. रोज सकाळी सेतुबंधासन दहा-दहाचे दोन फेरे, आणि कामाच्या वेळी दर अर्ध्या तासाला उभं राहणं. फरक मालिशचा किती आणि याचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. माझा कल व्यायामाकडे आहे.

आता पैसे देऊन महिन्यातून एकदाच. मधल्या दिवसांत टेनिसचा चेंडू मोज्यात घालून भिंतीला पाठ टेकते. मोज्याचं टोक खांद्यावरून हातात धरलं की चेंडू खाली पडत नाही. एका जागी मिनिटभर, मणक्यावर कधीच नाही. दाब वाढवायचा तर पावलं भिंतीपासून थोडी पुढे सरकवायची. क्रिकेटचा चेंडू घेऊन बघितला, फार टणक आहे.