फोटोशॉप मध्येच बंद पडतं? आधी ग्राफिक्स कार्ड तपासा

झूम केलं किंवा लिक्विफाय घेतलं की फोटोशॉप काही न सांगता बंद. असं झालं की बरेच जण आधी रॅम वाढवतात, नाहीतर विंडोज नव्याने टाकतात. संगणक सात-आठ वर्षांचा असेल तर पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर घ्यावा. तो खरा की खोटा हे फुकटात कळतं.

एडिट मेनूत प्रेफरन्सेस, त्यात परफॉर्मन्स. 'युज ग्राफिक्स प्रोसेसर'ची टिक काढा, फोटोशॉप बंद करून उघडा आणि ज्या कामाला ते पडत होतं नेमकं तेच काम करा. आता टिकलं, तर दोष कार्डाचा किंवा ड्रायव्हरचा (विंडोजला कार्ड चालवू देणारं सॉफ्टवेअर). कॅमेरा रॉची (रॉ फोटो उघडणारा फोटोशॉपचा भाग) सेटिंग वेगळी असते, तीही बंद करा. फोटोशॉप उघडतच नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड तात्पुरतं डिसेबल करून बघा. स्क्रीनचं रिझोल्यूशन बिघडेल, पण निदान होईल. कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट दाबून प्रेफरन्सेस रीसेट करायचा सल्ला सगळे देतात. इथे तो उलटा पडतो, कारण रीसेटनंतर ती टिक आपोआप परत लागते.

पुरावा हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची बिघाडांची नोंदवही) उघडा. ॲप्लिकेशन लॉगमध्ये १००० क्रमांकाची नोंद शोधा आणि 'फॉल्टिंग मॉड्यूल'चं नाव वाचा. ते 'एनव्ही'ने सुरू होत असेल तर एनव्हीडियाचा ड्रायव्हर, 'एटीआय'ने असेल तर एएमडीचा. सिस्टिम लॉगमध्ये ४१०१ दिसली, तर कार्डाने ठरलेल्या वेळात (मुळात २ सेकंद) उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला. रजिस्ट्रीत ही मुदत वाढवता येते, पण त्याने कार्ड तरुण होत नाही.

आता खरी मेख. विंडोज आणि आर दाबून 'डीएक्सडायग' चालवलं की पहिल्याच टॅबवर 'डायरेक्टएक्स १२' दिसतं आणि लोक निश्चिंत होतात. डायरेक्टएक्स म्हणजे प्रोग्रामला ग्राफिक्स कार्डाशी बोलू देणारी विंडोजची यंत्रणा; तो आकडा विंडोजमधल्या आवृत्तीचा, कार्डाचा नव्हे. डिस्प्ले टॅबवरची 'फीचर लेव्हल्स' (कार्डाला डायरेक्टएक्सची कुठली पातळी झेपते) ही ओळ बघा. नव्या फोटोशॉपला तिथे १२_० लागतं. एनव्हीडियाचं जीटीएक्स ७५० टीआय ११_० वरच थांबतं, खोक्यावर डायरेक्टएक्स १२ छापलेलं असलं तरी. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सची गंमत आणखी वेगळी: सुरक्षेच्या त्रुटीमुळे इंटेलने नंतरच्या ड्रायव्हरांत डायरेक्टएक्स १२ बंदच करून टाकलं. म्हणजे ड्रायव्हर अपडेट केला आणि होतं तेही गेलं.

'ड्रायव्हर अपडेट करा' हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. एनव्हीडियाच्या केप्लर पिढीचे (जीटीएक्स ६०० आणि बरीचशी ७००) नियमित ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबले. त्याआधीच्या फर्मीचे २०१८ मध्ये. तिथे अपडेट करायला काही उरलेलंच नाही. कार्ड त्यापुढचं असेल आणि फीचर लेव्हल ठीक असेल, तर इंटरनेट तोडून सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारा प्रोग्राम) जुना ड्रायव्हर पूर्ण काढा आणि एनव्हीडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर (फोटो-व्हिडिओच्या कामासाठीचा) टाका. नेट चालू राहिलं तर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं.

कार्ड बदलायचंच ठरलं तर दुकानदार 'नवं आहे' म्हणून जीटी ७१० किंवा ७३० पुढे करील. नको म्हणा. सीलबंद खोक्यात चिप केप्लरचीच, ७३० मध्ये तर काही वेळा फर्मीची. जीटी १०३० फीचर लेव्हलमध्ये पास होतं, पण मेमरी २ जीबी, आणि त्याचा डीडीआर४ मेमरीचा प्रकार जीडीडीआर५वाल्यापेक्षा फारच मंद. थोडे जास्त पैसे घालून ४ जीबीचं जीटीएक्स १६५० बघावं: ७५ वॅटचं कार्ड, बऱ्याच मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे जुना एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बहुधा चालून जातो. कॅबिनेट बारीक असेल तर लो-प्रोफाइल ब्रॅकेट (कार्ड बसवायची आखूड पट्टी) मिळतोय का ते आधी विचारा.

खर्च टाळायचा असेल तर टिक काढलेलीच ठेवा. रोटेट व्ह्यू, स्क्रबी झूम, ऑइल पेंट, पर्स्पेक्टिव्ह वॉर्प जातील. लेयर, कर्व्ह्ज, हीलिंग, क्रॉप प्रोसेसरवर चालत राहतील. आणि क्रिएटिव्ह क्लाउडमधलं ऑटो-अपडेट बंद करा, नाहीतर जी आवृत्ती आज नीट चालतेय तीच उद्या बदललेली असेल.