एफ वाजली, पण जीची खाच खोल गेली

गिटारवर एफ कॉर्ड वाजली. पूर्ण बार धरून (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून), सहाही तारा एकेक करून छेडल्या तरी स्वच्छ. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की अजून महिनाभर जमलं नाही, तर खालच्या चार तारांवरची छोटी एफच कायमची धरते. ते आता मागे घेते.

हे घडलं कॅपोमुळे. मंगळवारी एका गाण्याची पट्टी अर्ध्या सुराने चढवायची होती, म्हणून कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीवर लावला. गाण्यात एफचा आकार आला तेव्हा नेहमीसारखा दात आवळून बार धरला आणि सगळ्या तारा बोलल्या. वाटलं, चुकून झालं. पुन्हा धरला, पुन्हा बोलल्या. कॅपो काढून पहिल्या फ्रेटवर तीच एफ धरली, तर दुसरी तार मुकी, पहिली अर्धवट, सहावी खरखरीत. चार महिने ऐकलेली तीच एफ.

त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या गिटारची स्केल, म्हणजे उघड्या तारेची वाजणारी लांबी, ६४८ मिमी आहे. म्हणजे नट (मानेच्या टोकाची, खाचांत तारा धरणारी पट्टी) ते पहिला फ्रेट ३६.४ मिमी आणि पहिला ते दुसरा ३४.३ मिमी. कॅपो लावल्यावर बोटांना एका फ्रेटमागे जेमतेम दोन मिलिमीटर कमी ताणावं लागतं. तेवढ्याने मुकी तार बोलू लागत नाही. दुसरा फरक एकच उरतो. कॅपो लावला की नट हिशेबातून बाहेर जातो, आणि तार पहिल्या फ्रेटवरून निघते. म्हणजे इतके दिवस बोटांना लावलेला दोष नटचा होता.

(फ्रेटांच्या अंतराचा हिशेब ज्यांना आवडतो त्यांच्यासाठी. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागलं की पुढच्या फ्रेटचं अंतर मिळतं. १६व्या शतकात व्हिन्चेन्झो गॅलिली या ल्यूट (जुनं तंतुवाद्य) वाजवणाऱ्याने, गॅलिलिओच्या वडिलांनी, १८:१७ हे प्रमाण सांगितलं होतं, म्हणजे दर वेळी उरलेल्या लांबीचा अठरावा भाग. त्या हिशेबाने एक फ्रेट ९९ सेंटांचा पडतो, १०० चा नाही (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). तरीही निव्वळ पूर्णांकांत इतकं जवळ पोचणं मला फार सुंदर वाटतं.)

सकाळी फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) काढलं. तपासायची रीत सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर किती फट राहते ते बघायचं. ०.०५ ते ०.१ मिमी फट असावी, म्हणजे छापायचा साधा कागद जेमतेम सरकेल इतकी. माझ्या सहाव्या तारेखाली ०.३ ची पाती अडखळल्याशिवाय आत गेली. बाकीच्या तारांचीही कमीअधिक तीच गत. नटच्या इतक्या जवळ तार फार ताठ असते. तिला जितकं जास्त खाली आणायचं तितका दाब वाढत जातो आणि पहिल्या फ्रेटवरचा बार ही त्या दाबाची सगळ्यात वाईट जागा. पाचव्या फ्रेटवर माझा बार गेले दोन महिने नीट वाजत होता. तेव्हाच शंका यायला हवी होती.

मला खरा आनंद मात्र पुढच्या गोष्टीचा झाला. गेल्या दोन नोंदींत मी बी, म्हणजे दुसऱ्या तारेबद्दल तक्रार करत होते, आठवतं? सी कॉर्डमध्ये ती चढी वाटायची म्हणून मी उतरवायचे, मग जी कॉर्डमध्ये उघडी बी उतरलेली वाटायची. ई मेजर तर कानाला बोचायचीच. काही जणांनी सांगितलं की कान अजून तयार नाही. आता ट्यूनर लावून प्रत्येक तार आधी उघडी जुळवली आणि मग पहिल्या फ्रेटवर तपासली. दुसरी १४ सेंट चढी, तिसरी १२, सहावी १७. नट उंच असेल तर तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. त्यात ई मेजरमधला जी शार्प नेमका तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर आहे. समान अंतराच्या सप्तकात हा गांधार ४०० सेंटांवर बसतो, शुद्ध गांधार ३८६ वर असतो. म्हणजे १४ सेंट तो मुळातच चढा, वर माझ्या नटचे १२. एकूण २६. कान बरोबर सांगत होता! ज्यांना उघड्या कॉर्ड जुळवूनही बेसूर वाटतात त्यांनी कानावर संशय घेण्याआधी पहिला फ्रेट ट्यूनरवर तपासावा, ही माझी कळकळीची विनंती.

मग खाचा खोल करायला बसले. आधी गॅस वेल्डिंगच्या नोझल साफ करायच्या बारीक सुयांचा संच वापरून पाहिला, कारण तो स्वस्तात काम होतं म्हणून सगळे सुचवतात. माझं मत स्पष्ट आहे, तो घेऊ नका. सुई मध्येच वाकते, खाचेचा तळ लाटेसारखा होतो आणि कडा रुंदावतात. सहाव्या तारेवर दहा मिनिटांत हे दिसलं. नंतर एका वादक मित्राकडून तारांच्या जाडीच्या मापाच्या खऱ्या कानशी आणल्या आणि काम एकदम बदललं. तार सैल करून बाजूला घ्यायची, फ्रेटबोर्डावर मास्किंग टेप, कानस खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती, तीन-चार हात, पुन्हा तार बसवून सुरात लावायची आणि मोजायचं. उतार महत्त्वाचा. तार खाचेच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकली पाहिजे, नाहीतर ती मागे कुठेतरी टेकून सतारीसारखी झणझणते. एकेका तारेला अर्धा-पाऊण तास लागला. सहावी, पाचवी, चौथी सुरेख बसल्या.

तिसरीला, म्हणजे जी तारेला, माझी घाई झाली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आधीच्या तिन्ही छान जमल्या होत्या, आणि मी दोनदा न मोजता कानस चालवली. तार लावली, छेडली, तर खर्रर्र. पहिल्या फ्रेटवर दाबून वाजवली तर स्वच्छ, उघडी वाजवली की खरखर. हे लक्षण पक्कं ओळखायचं. खरखर फक्त उघड्या तारेत असेल तर दोष नटमध्ये. दाबल्यावरही राहिली तर फ्रेट, मान किंवा सॅडल (तारांचं दुसरं टोक टेकतं ती पट्टी) तपासा. तानपुऱ्यात जवारीसाठी जे मुद्दाम करतात ते इथे नको त्या जागी झालं होतं. मी गिटार भिंतीला टेकवली आणि दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी तो प्रसिद्ध उपाय केला, खाण्याचा सोडा आणि सुपरग्लू. खाचेत सोडा दाबून भरायचा आणि टूथपिकच्या टोकाने ग्लूचा एकच थेंब सोडायचा. क्षणात कडक होतो, गरम होतो आणि वाफ डोळ्यांत जाते, तेव्हा खिडकी उघडी ठेवा. मग पुन्हा कानस. या वेळी आधीच करायला हवी होती ती युक्ती केली. पहिल्या फ्रेटची उंची मोजून त्यात ०.१ मिमी मिळवायचे, तितक्या जाडीच्या फीलर गेजच्या पात्या एकावर एक ठेवून नटला लावून फ्रेटबोर्डावर धरायच्या, आणि कानस पात्यांना टेकली की थांबायचं. त्याखाली जायचंच नाही. दुसरी आणि पहिली तार मी याच रीतीने केल्या आणि दोन्ही पहिल्या प्रयत्नात बसल्या. फीलर गेज हे माझ्या पेटीतलं सगळ्यात साधं हत्यार आहे आणि आता सगळ्यात लाडकंही.

जीचा भराव टिकला आहे, पण मन भरलेलं नाही. उघडी जी शेजारच्या डी आणि बीपेक्षा किंचित बोदी वाटते, आणि खुंटी पिळताना 'टिंग' करून सूर उडी मारतो, म्हणजे तार खाचेत अडकते आहे. पेन्सिलीचं शिसं घासल्यावर टिंग कमी झाली, बोदेपणा तसाच आहे.

आता हाताबद्दल, कारण नुसत्या नटने एफ वाजली असं म्हटलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. खाचा झाल्यावरही दुसरी तार अधूनमधून मुकी राहत होती. आरशासमोर बसून पाहिलं. तर्जनीच्या सांध्याची घडी बरोबर दुसऱ्या तारेवर येत होती, आणि त्या खळग्यात तार आरामात लपत होती. बोट जेमतेम तीन मिमी वर सरकवलं, घडी दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या मध्ये आली, तार बोलली. दुसरं म्हणजे एफमध्ये तर्जनीला सहाही तारा दाबायच्याच नसतात. पाचवी, चौथी आणि तिसरी इतर तीन बोटांकडे आहेत. तर्जनीचं काम फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. हे कळल्यावर मी मधला भाग दाबायचं सोडलं, बोट अंगठ्याच्या बाजूच्या हाडाळ कडेवर किंचित कलतं केलं आणि कोपराच्या वजनाने हात मागे ओढला. अंगठा आता चिमटा काढत नाही, नुसता टेकलेला असतो. एका मिनिटात सी ते एफ बदल मी दर रविवारी मोजते. महिनाभर ९ वर अडले होते, खाचा झाल्यावर २२, काल ३१. आणखी चार मुके होते, ते या एकतिसात धरलेले नाहीत. खाचांनंतर पहिला फ्रेट सगळ्या तारांवर ५ सेंटांच्या आत आहे आणि ई मेजर आता मी उगाचच वाजवत बसते.

पुढे नवा नट करायचं ठरलं होतं. हाडाचे दोन कोरे तुकडे मागवले, आणि त्यातला एक प्लॅस्टिकचा निघाला. विक्रेत्याने दोन्हीवर हाड असंच लिहिलं होतं. ओळखायला कानस पुरते. हाड घासलं की बारीक पांढरी पूड पडते आणि दाढ कोरताना येतो तसा वास येतो, प्लॅस्टिकच्या मऊ वळकट्या निघतात. उरलेला तुकडा मात्र घट्ट आणि सरळ आहे.

इथपर्यंत लिहिलं आणि मधेच उठले, कारण लिहिताना लक्षात आलं की मी मानेचा बाक मोजलाच नाही. आधी ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई), मग नट, मग सॅडल हा क्रम मला पाठ आहे, तरी कॅपोच्या शोधाच्या भरात थेट नटला हात घातला. आत्ता सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून सातव्यावर फट मोजली. ०.४ मिमी. मला ०.२ च्या आसपास हवी. माझ्या बाराच्या तारांच्या संचाचा (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच) एकूण ताण ७० किलोच्या वर असतो, आणि गेले काही आठवडे हवाही दमट होती, मान पुढे झुकणारच. ट्रस रॉड एक अष्टमांश फेरा आवळला, गिटार तासभर ठेवली, पुन्हा मोजलं तर ०.३. आज इतकंच. उरलेलं उद्या, लाकडाला वेळ हवा.

याचा अर्थ सगळा बेत बदलतो. मान सरळ झाली की तारा फ्रेटांच्या आणखी जवळ येतील, आणि आत्ता बरोबर बसलेल्या खाचा कदाचित केसभर खोल ठरतील. त्यामुळे नवा नट या आठवड्यात कापत नाही. आधी मान ०.२ वर आणून तीन-चार दिवस तशी राहते का बघते, मगच हाडाला हात लावते. अकराच्या, म्हणजे आणखी बारीक तारा लावायचा विचारही आत्ताच आला, कारण एफ आणखी सोपी होईल. पण तारांचा ताण बदलला की मान पुन्हा हलणार आणि मोजमाप पहिल्यापासून करावं लागणार. शिवाय बाराच्या तारांचा भरीव आवाज मला सोडवत नाही. तेव्हा बाराच राहू द्यात.

दरम्यान हाडाच्या तुकड्यावर पेन्सिलीने खाचा आखून ठेवल्या आहेत. नट ४३ मिमी रुंद, पहिल्या ते सहाव्या तारेपर्यंत ३६ मिमी. जुन्या नटवर तारांचे मध्य समान अंतरावर होते, त्यामुळे पाचवी आणि सहावी जाडीमुळे एकमेकींना चिकटल्यासारखी वाटायची. नव्यात तारांमधली मोकळी जागा समान ठेवली आहे. कोणी असा नट केला असेल तर बोटांना फरक जाणवला का, ते जरूर कळवा. कापताना जीची खाच सगळ्यात शेवटी, दिवसाच्या उजेडात, पात्या लावून.