एलईडी वर्क लाइटमुळे ट्रॅक्टरचा रेडिओ खरखरतो? आवाज दिव्यापाशीच अडवा

हॅलोजन दिवा म्हणजे तापलेली तार, त्यातून खरखर यायचं कारणच नाही. एलईडी वर्क लाइटच्या आत मात्र ड्रायव्हर असतो. एलईडीला नेमका हवा तेवढाच करंट मिळावा म्हणून तो वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो. या झटक्यांतून पटीपटीने वरच्या फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि मीडियम वेव्हपासून थेट एफएमच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतात. चांगल्या दिव्यात त्या आतल्या फिल्टरमध्येच जिरतात. स्वस्त दिव्यात बरेचदा नेमका हाच फिल्टर गाळलेला असतो, आणि मग सगळी खरखर वायरवर उतरते.

ही वायरच खरी अँटेना बनते. एफएमच्या लहरीची लांबी सुमारे ३ मीटर, तिचा पाव भाग ७५ सेंटीमीटर. केबिनच्या कडेपासून दिव्यापर्यंत साधारण तेवढीच वायर जाते. म्हणून रेडिओच्या मागे फिल्टर लावून बहुतेक वेळा काहीच फरक पडत नाही. आवाज हवेतून अँटेनात शिरत असतो आणि तिथून आत आल्यावर तो स्टेशनपासून वेगळा काढता येत नाही.

कामाला लागण्याआधी खात्री करून घ्या. इंजिन बंद, चावी ऑन, रेडिओ कमजोर स्टेशनवर. आता वर्क लाइट लावा. खरखर आली तर दिवेच कारण. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी असेल तर तो अल्टरनेटर, त्याचा उपाय वेगळा. मग एकेका दिव्याचा कनेक्टर काढून पाहा. बऱ्याचदा चारपैकी एकच दिवा गुन्हेगार निघतो. शेवटी रेडिओच्या मागची अँटेनाची पिन काढा. पिन काढल्यावर खरखर गेली तर ती हवेतून येतेय, राहिली तर सप्लायच्या वायरीतून. सेलवर चालणारा छोटा मीडियम वेव्ह रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून वायरीजवळून फिरवला तर कुठली वायर सर्वात जास्त ओरडते तेही कळतं.

पहिला उपाय फेराइट कोअर, म्हणजे वायरीवर चढवायचं चुंबकीय मटेरिअलचं कडं, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. प्लस आणि मायनस या दोन्ही वायरी एकत्र, एकाच कोअरमधून न्या. दोन्हींतला करंट उलट दिशेचा असल्याने डीसीचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं. फक्त प्लसची वायर नेली तर ४ अँपिअरचा करंटच कोअरला संपृक्त करतो, म्हणजे त्याची चुंबकत्व धरायची क्षमता संपवतो, आणि कोअर जवळजवळ निरुपयोगी होतो. ४८ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर एवढाच करंट घेतो. दुसरं, कोअर दिव्याच्या तोंडाशी हवा, ५ सेंटीमीटरच्या आत. दिवा आणि कोअर यांच्या मधे उरलेला वायरीचा तुकडा अँटेनाच राहतो.

एक वेढा पुरत नाही. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो, म्हणून मोठ्या भोकाचा कोअर घ्या. एफएमसाठी ३ ते ४ वेढे ठीक. त्याहून फार वाढवले तर वेढ्यांमधल्या कपॅसिटन्समधून वरची फ्रिक्वेन्सी कोअरला वळसा घालून निघून जाते. मीडियम वेव्हसाठी ८ ते १० वेढे लागतात. कोअरचं मटेरिअल ३१ नंबरचं असेल तर १ ते ३०० मेगाहर्ट्झपर्यंत काम करतं. ४३ नंबर २५ मेगाहर्ट्झच्या वर चांगला, खाली कमी पडतो. क्लिपचा कोअर नीट मिटला नाही, फटीत धूळ बसली, की परिणाम झपाट्याने उतरतो. फेराइट काचेसारखं ठिसूळ असतं, त्यामुळे ट्रॅक्टरच्या हादऱ्यांत टिकवायचं तर चिकट आतल्या थराची हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) आणि दोन्ही बाजूंना केबल टाय हवेतच.

आता वायरिंग. दिव्याचा मायनस मडगार्डच्या गंजक्या बोल्टवर सोडला असेल तर परतीचा करंट सगळ्या पत्र्यातून फिरतो आणि वायर-पत्र्याचं मोठं वेटोळं तयार होतं, तेही अँटेनाच. दिव्यापर्यंत प्लसबरोबर मायनसची स्वतंत्र वायर न्या आणि दोन्हींना दर ३ सेंटीमीटरला एक पीळ द्या. अँटेनाच्या केबलला समांतर बांधू नका. ओलांडावी लागली तर काटकोनात. अँटेनाच्या बुडाखालचा रंग खरवडून धातूला धातू लागू द्या. हे अर्थिंग तुटलं असेल तर केबलचं कवचच खरखर गोळा करतं, आणि जुन्या ट्रॅक्टरवर हे वारंवार दिसतं.

एवढ्यानंतरही उरलं तर दिव्यापाशी छोटा फिल्टर लावा. प्लसमध्ये १० मायक्रोहेन्रीची कॉइल, संपृक्त न होता दिव्याच्या दीडपट करंट सोसणारी. तिच्या दोन्ही बाजूंना प्लस-मायनसमध्ये १ मायक्रोफॅरडचा १०० व्होल्ट सिरॅमिक कपॅसिटर. दिव्याच्या बाजूला शिवाय ४७० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट, १०५ अंशांचा इलेक्ट्रोलिटिक. हा वगळू नका. ड्रायव्हर व्होल्टेज घसरलं की जास्त करंट ओढतो, आणि नुसत्या कॉइल-सिरॅमिकशी त्याची गाठ पडली तर दिवा लुकलुकू शकतो. इलेक्ट्रोलिटिकचा आतला रोध ती झुलण्याची क्रिया दाबतो. मात्र हजारो मायक्रोफॅरड घालू नका, स्विच लावताच उसळणारा करंट रिलेचे संपर्क चिकटवतो. सिरॅमिकचे पाय आखूड ठेवा. १ सेंटीमीटर तार म्हणजे सुमारे १० नॅनोहेन्री, १०० मेगाहर्ट्झला ६ ओहम, म्हणजे लांब पायांनी कपॅसिटर आडवा पडतो तो नावालाच. फ्यूज फिल्टरच्या आधी हवा आणि सगळं पाणी न शिरणाऱ्या डबीत, रेझिन ओतून.

नवा दिवा घेताना पेटीवर सिस्पर २५ (CISPR 25, वाहनातल्या उपकरणांच्या रेडिओ खरखरीची मर्यादा ठरवणारं मानक) आणि त्याचा क्लास शोधा. क्लास ५ सर्वात कडक, रेडिओ ऐकणाऱ्याने निदान ३ तरी पाहावा. दिवा जीपीएसच्या छत्रीजवळ (उपग्रहाचा सिग्नल घेणारी अँटेना) किंवा जीपीएसची चूक सुधारणाऱ्या करेक्शन सिग्नलच्या अँटेनाजवळ बसणार असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण उपग्रहाचा सिग्नल अतिशय क्षीण असतो. अशा ठिकाणी अंतर निदान १ मीटर ठेवा, आणि दिवे पेटवून-विझवून उपग्रहांची सिग्नल पातळी पडद्यावर तपासा. ही तपासणी दिवे अर्धा तास तापल्यावर पुन्हा करा, कारण तापमानाने ड्रायव्हरची फ्रिक्वेन्सी थोडी सरकते आणि थंड असताना स्वच्छ वाटलेलं स्टेशन गरम झाल्यावर खरखरू शकतं.